साथीचे मृत्यू : एकूण किती आणि कोणाचे किती?

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. ती साथ पाहिलेली पिढी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली. तरी अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांत, एकाला स्मशानात पोहोचवून परत येईतो घरात दुसरा गेलेला असे, ही हकिकत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली माणसे अजून भेटतात. मात्र आपल्या गावात त्या वर्षी नेमकी किती माणसे गेली, त्यांत बागाईतदारांच्या घरांतली किती, कोळीवाड्यातली किती, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली आणि कातकरवाडीतली किती, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. आठवणीत दुःख टिकते, प्रमाण टिकत नाही. प्रमाण टिकवायला नोंदवही लागते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीने हाच प्रश्न पुन्हा आपल्यासमोर उभा केला. एकूण मृत्यू किती झाले यावर देशात आणि देशाबाहेर मोठा वाद झाला व तो अद्याप पुरता शमलेला नाही. परंतु त्या एकूण आकड्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न, म्हणजे समाजाच्या कोणत्या थराने या मृत्यूंचा किती भार वाहिला, हा त्या मानाने फारच थोड्या लोकांनी विचारला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची साधने आपण आज तयार केली नाहीत, तर पुढच्या साथीतही आपण असेच अंधारात राहू.

मोजण्याची रीत

‘अतिरिक्त मृत्यू’ ही कल्पना दिसायला सोपी आहे. साथ नसताना एखाद्या प्रदेशात वर्षभरात साधारणपणे जितके मृत्यू होतात, ते ‘अपेक्षित’ मृत्यू. बहुधा मागील पाच वर्षांच्या सरासरीवरून वा कलावरून ते काढतात. साथीच्या वर्षी प्रत्यक्ष झालेल्या मृत्यूंतून ही संख्या वजा केली की उरतात ते अतिरिक्त मृत्यू. इंग्लंडमधील सांख्यिकीचे आद्य अभ्यासक विल्यम फार यांनी १८४७ च्या लंडनमधील इन्फ्लुएंझाचा हिशेब याच रीतीने मांडला होता.

या रीतीचा मोठा गुण असा की, मृत्यूचे कारण काय लिहिले गेले यावर ती अवलंबून राहत नाही. कारण चुकीचे लिहिले जाते, लपविले जाते किंवा कोणाला ठाऊकच नसते. माणूस गेला ही गोष्ट मात्र सहसा लपत नाही. शिवाय साथीमुळे अप्रत्यक्षपणे झालेले मृत्यूही या हिशेबात येतात. मांडव्याची आणि रेवसची जलवाहतूक बंद पडल्यामुळे मुंबईच्या रुग्णालयात वेळेवर न पोहोचलेला हृदयविकाराचा रोगी कोविडने मेला नाही; पण साथ नसती तर कदाचित तो वाचला असता. उलट, टाळेबंदीत मुंबईच्या लोकलगाड्या थांबल्या आणि रुळांवर होणारे मृत्यू घटले. अतिरिक्त मृत्यूंचा आकडा ही या सर्व वाढ-घटीची निव्वळ बाकी असते.

या वजाबाकीत सावधगिरीही हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले आणि दक्षिणेकडील तालुक्यांत दीर्घकाळ वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे एका दिवसात गेली. रायगड जिल्ह्याची २०२१ ची वजाबाकी जो डोळे मिटून करील, तो तळियेचे मृत्यूही साथीच्या खाती मांडून बसेल. आकड्यांच्या मागे असलेला प्रदेश ज्याला ठाऊक नाही, त्याने आकड्यांचा अर्थ लावण्याची घाई करू नये.

मानमोडीचा दाखला

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलिस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एक गोदीवर नेमलेला होता. ही पहिली लाट तुलनेने सौम्य ठरली. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे धान्याचे भाव चढले होते, आणि अर्धपोटी माणसांच्या अंगी रोगाला तोंड देण्याचे बळ नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातील हजारो माणसे राबत होती आणि त्यांचे गावाकडे येणे-जाणे सतत चाले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, मुंबईच्या दारातच होता.

खेड्यांतल्या नोंदवहीत ‘इन्फ्लुएंझा’ असा रकाना नव्हता. पटकी, देवी, प्लेग असे काही ठरावीक रोग सोडले तर बहुतेक सारे ‘ताप’ या एका सदरात जमा होत. म्हणून बळींची संख्या काढताना ‘नेहमीपेक्षा किती अधिक’ हाच मार्ग अधिकाऱ्यांना धरावा लागला. त्यातही अडचण अशी की, नोंद करणारे गावकामगार स्वतःच आजारी पडले वा दगावले, आणि मृत्यू जेथे सर्वांत अधिक झाले नेमके तेथेच नोंदी सर्वांत अपुऱ्या राहिल्या. हिंदुस्थान सरकारचे आरोग्याधिकारी नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये देशातील बळींचा अंदाज ६० लाख असा दिला. १९२१ च्या जनगणनेनंतर तो १ कोटी २० ते ३० लाखांवर गेला. लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्स्ले डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तो सुमारे दोन कोटींपर्यंत नेला, तर आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० ते ८० लाख असा अंदाज मांडला. आजच्या भारताच्या सीमांत येणाऱ्या प्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती. १९२१ मध्ये ती २५.१३ कोटी भरली. संपूर्ण दशकातील नैसर्गिक वाढ पुसली गेली होती.

परंतु या मोठ्या आकड्यांहून अधिक बोलके आकडे मुंबई शहराचे आहेत. तेथे मृत्यूची नोंद जमातवार होत असल्यामुळे इन्फ्लुएंझाचे मृत्युदर निरनिराळ्या गटांसाठी काढता आले. दर हजारी ते असे होते : युरोपियन ८.३, पारशी ९.०, अँग्लो-इंडियन ११.९, यहुदी १४.८, देशी ख्रिश्चन १८.४, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना तेव्हाच्या सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणत त्यांच्यात ६१.६. शहर एक, रोग एक, ऋतू एक. आणि दलित जातींतील मृत्युदर सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून अधिक, युरोपियनांच्या सातपटीहून अधिक.

या आकड्यांवरही आक्षेप घेता येतो. त्या साथीने वीस ते चाळीस या वयाच्या माणसांना विशेष ग्रासले. पोटासाठी मुंबईत आलेल्या दलितांत याच वयाची माणसे अधिक असणार. म्हणजे फरकाचा काही भाग वयरचनेमुळेही असेल. हे खरे मानले, तरी गिरणीतले इतर हिंदू कामगारही त्याच वयाचे आणि तसेच परगावचे होते. एका खोलीत किती माणसे झोपतात, ताप अंगावर काढून कामावर जावे लागते की नाही, आणि अंथरुणाला खिळल्यावर पाणी देणारे कोणी घरात उभे असते की नाही, यांचा जाब वयाच्या कोष्टकातून सुटत नाही. देशभर त्या साथीत स्त्रिया पुरुषांहून अधिक प्रमाणात मेल्या, यामागेही शुश्रूषेचा भार आणि ताटात शेवटी उरणारा घास ही कारणे अभ्यासकांनी दाखविली आहेत.

परकीय सरकारने जमातवार रकाने ठेवले ते काही समतेच्या तळमळीने नव्हे. समाजाची वर्गवारी करणे ही त्याच्या राज्यकारभाराची गरज होती. तरीही त्या रकान्यांमुळेच आज आपण हा अन्याय आकड्यांत मांडू शकतो, हे विसरता येणार नाही.

सरासरीच्या आड

वर्गात हा विषय शिकवीत असताना कातकरी वाडीवरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्या वाडीचा आकडा कुठल्या पुस्तकात असतो?” तिला त्या दिवशी देता आले ते उत्तर एक काल्पनिक उदाहरण होते. ते येथेही उपयोगी पडेल.

समजा, एका गावाची लोकवस्ती २,००० आहे. एरवी वर्षाला १४ मृत्यू होतात. साथीच्या वर्षी २४ झाले. अतिरिक्त मृत्यू १०, म्हणजे हजारी ५. आता गाव दोन भागांत पाहू. मूळ गावठाणात १,८०० माणसे. तेथे एरवी १२ मृत्यू, यंदा १८. अतिरिक्त ६, हजारी ३.३. वाडीवर २०० माणसे; तेथे एरवी २, यंदा ६. अतिरिक्त ४, हजारी २०. गावाची सरासरी ५ आहे; पण ती गावठाणालाही लागू नाही आणि वाडीला तर मुळीच नाही. सरासरी पाहून औषधे, धान्य आणि परिचारिका वाटल्या, तर वाडीच्या वाट्याला तिच्या गरजेच्या चौथा हिस्सा येईल.

लगेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाडीवर दोनाचे सहा होणे हा नुसता योगायोगही असू शकतो. लहान वस्तीत एखादी विषबाधा वा एखादी उलटलेली गाडी सारे प्रमाण बदलून टाकते. म्हणून एका वाडीचा निष्कर्ष काढू नये. अशा अनेक वाड्यांची बेरीज करावी. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के, म्हणजे तीन लाखांच्या आसपास होते. एवढ्या संख्येवर विश्वासार्ह दर सहज काढता येतो. मात्र त्यासाठी नोंद हवी, आणि अडचण तेथेच सुरू होते.

आपल्याकडे मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार, मृत्यू जेथे घडला तेथे होते. अलिबागचा वा उरणचा रुग्ण मुंबईच्या रुग्णालयात दगावला, तर नोंद मुंबईत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. २०२१ ची दुसरी लाट एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात आली. परजिल्ह्यातील भट्टीवर गेलेल्या माणसाची नोंद तेथील ग्रामपंचायतीत कोण करणार? मालकाला तिची निकड नाही आणि मजुराला तिचा रस्ता ठाऊक नाही. ज्या समाजात एरवीच नोंद अपुरी, त्याचे अपेक्षित मृत्यूही कमी दिसतात आणि अतिरिक्तही. पुढे नुकसानभरपाईमुळे वा अन्य कारणाने नोंद वाढली, तर मृत्यू वाढल्याचा आभास होतो तो वेगळाच. शिवाय मृत्यूच्या अर्जात वय, लिंग, धर्म, व्यवसाय हे तपशील विचारले जातात. जात वा जमात विचारली जात नाही. म्हणजे १९१८ च्या मुंबईविषयी जे सांगता येते, ते २०२१ च्या महाराष्ट्राविषयी नोंदवहीवरून सांगता येत नाही.

अलीकडचा हिशेब

२०२१ अखेर कोविडने झालेले देशातील अधिकृत मृत्यू ४ लाख ८१ हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दोन वर्षांतील भारताचे अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख असल्याचे जाहीर केले. भारत सरकारने या गणिती पद्धतीला हरकत घेतली. त्यानंतर मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारच्याच नोंदणी अहवालानुसार देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख मृत्यू नोंदले गेले. एका वर्षात २१ लाखांची वाढ केवळ नोंदणी सुधारल्याने झाली असे म्हणणे कठीण आहे. आणि ती सर्वच्या सर्व साथीची म्हणणेही घाईचे होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये साहाय्य मिळू लागले, तेव्हा महाराष्ट्रात आलेल्या अर्जांची संख्या अधिकृत मृत्यूंच्या पुढे गेली, हेही येथे ध्यानात ठेवावे.

गटवार हिशेबाचा एक प्रयत्न जुलै २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आशिष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील साडेसात लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून २०१९ आणि २०२० मधील आयुर्मानाची तुलना केली. त्यांच्या मते आयुर्मान एकंदरीत २.६ वर्षांनी घटले, पुरुषांत २.१ आणि स्त्रियांत ३.१ वर्षांनी. उच्चवर्णीय हिंदूंत ही घट १.३ वर्षे, अनुसूचित जातींत २.७, अनुसूचित जमातींत ४.१ आणि मुसलमानांत ५.४ वर्षे आढळली. केंद्र सरकारने नमुना प्रातिनिधिक नसल्याचे सांगून हा निष्कर्ष अमान्य केला. नमुन्याविषयीचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहेच. पण त्याचे खरे उत्तर अधिक चांगली आकडेवारी पुढे ठेवणे हे आहे. आणि आपल्यापुरते बोलायचे तर, महाराष्ट्रातील ती पाहणी साथ येण्यापूर्वीच, २०१९ मध्ये, पूर्ण झाली होती. त्यामुळे त्या अभ्यासातही महाराष्ट्र नाही.

काय करता येईल?

मृत्यूच्या अर्जावर जात लिहिल्याने भेदभाव वाढेल, अशी भीती काही सज्जन व्यक्त करतात. ती निराधार नाही. परंतु भेद मोजला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही, आणि अर्जावर जात न लिहिताही मार्ग निघतो. इंग्लंडमध्ये २०२० साली मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहीत नसत. तरी तेथील सांख्यिकी कार्यालयाने मृत्यूच्या नोंदी २०११ च्या जनगणनेशी जुळवून मे २०२० मध्येच दाखवून दिले की, वय जमेस धरता कृष्णवर्णीयांत कोविडने मरण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक आहे. आणि राहण्याची जागा, घरची स्थिती इत्यादी बाबी जमेस धरल्यावरही ते दुपटीच्या जवळपास राहते. व्यक्तीचे नाव कोठेही उघड न होता हे झाले.

आपल्या देशात २०२१ ची जनगणना झाली नाही. २०२७ च्या जनगणनेत जातींची गणना करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. म्हणजे दराच्या सूत्रातील छेद उपलब्ध होण्याची आशा आहे. अंश मात्र मृत्यूच्या नोंदीतूनच यावा लागेल, आणि त्याची तयारी आतापासून व्हावयास हवी. त्यासाठी तीन गोष्टी अवघड नाहीत. मृत्यू कोठेही घडो, त्याची सूचना मृताच्या मूळ गावच्या ग्रामपंचायतीस आपोआप जावी आणि तालुकावार, वयवार, स्त्री-पुरुषवार आकडे दरमहा प्रसिद्ध व्हावेत. हंगामी स्थलांतर करणाऱ्या वस्त्यांत आशा सेविकेने पावसाळ्याच्या आरंभी, माणसे परतल्यावर, घरोघर विचारून राहिलेल्या नोंदी पुऱ्या कराव्यात. आणि जनगणनेशी मेळ घालून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर असे मृत्युदर निदान जिल्हा पातळीवर दरवर्षी काढावेत. नावे गुप्त ठेवावीत, दर उघड करावेत.

या कामाला मोठा निधी लागत नाही. लागते ती वर्षानुवर्षे, साथ नसतानाही, चिकाटीने वही भरण्याची शिस्त. कारण अपेक्षित मृत्यूंचा आकडा साथीच्या वर्षी तयार करता येत नाही, तो आधीच्या निवांत वर्षांतूनच यावा लागतो. आज कातकरवाडीवर झालेला एखादा साधा मृत्यू नोंदवायचा राहिला, तर पुढच्या साथीत त्या वाडीचा हिशेब तेवढाच चुकणार आहे. वर्गात विचारला गेलेला प्रश्न अजून अनुत्तरित आहे. त्या मुलीच्या वाडीचा आकडा आज कोणत्याही पुस्तकात नाही. तो असावा यासाठी ग्रामपंचायतीच्या कारकुनाने, शाळेच्या शिक्षकाने आणि महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने आपापल्या गावची मृत्यूची वही एकदा उघडून पाहावी, आणि तीत कोणती वस्ती दिसत नाही हे शोधावे.